पोचेची पोच

माझ्या सासऱ्यांना डिझाइन पॅटर्नचं, म्हणजे कोड मांडायच्या ठरावीक रीतींचं, वेड लागलं ते माझ्यामुळे, हे आमच्या घरात सगळे मान्य करतात. मला ते कोणामुळे लागलं, हे कोणी विचारत नाही. मला लागलं आमच्या कंपनीतल्या एका सीनियर बाईंमुळे. त्या पुण्यात बसतात, मी अकोल्यात, आणि आम्ही एकमेकींना फक्त स्क्रीनवर पाहिलेलं आहे.

मी मूळची अमरावतीची. इंजिनिअरिंग तिथेच केलं, लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात आले, आणि कंपनीने घरून काम करायची मुभा दिल्यावर प्रश्न आला तो बसायचं कुठे. घरात नेट नीट यायचं ते एकाच खोलीत, आणि ती होती बाबांची वकिलीची खोली. बाबा म्हणजे माझे सासरे. दिवाणी वकील. सकाळी पक्षकार, मग कोर्ट, संध्याकाळी पुन्हा पक्षकार. त्यांनी कपाटाशेजारची जागा मोकळी केली, तिथे मला टेबल टाकून दिलं आणि टेबल फॅनची दिशाही अर्धी माझ्याकडे वळवली. त्यामुळे एका बाजूला शेताच्या धुऱ्यावरून भांडणारे दोन भाऊ बसलेले असायचे आणि दुसऱ्या बाजूला कानाला हेडफोन लावून मी.

आमची कंपनी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवते. भाडं काढायचा कोड मी लिहिला होता. ट्रक असेल तर असं, टेम्पो असेल तर तसं, माल नाशवंत असेल तर वेगळं, परतीची गाडी रिकामी असेल तर आणखी वेगळं. एका if खाली दुसरा if, त्याखाली तिसरा, असा तो जिना खाली खाली उतरत गेला होता. कोड चालत होता. मला त्याचा अभिमानही होता. सीनियर बाईंनी तपासून खाली एवढंच लिहिलं, की चालतंय, पण वाचवत नाही, स्ट्रॅटेजी पॅटर्न पाहिला आहेस का?

नव्हता पाहिला. म्हणजे कॉलेजात हा विषय होता, व्याख्या पाठ केल्या होत्या, मार्कही बरे पडले होते. पण पाहिला नव्हता. त्या दुपारी जेवण झाल्यावर वाचायला बसले. कल्पना इतकी साधी की मला आधी शंका आली. भाडं काढायची प्रत्येक रीत उचलून तिचा स्वतंत्र छोटा क्लास, म्हणजे कोडचा सुटा तुकडा, करायचा. मुख्य कोडने रीत कोणती हे विचारायचंच नाही, समोर जी असेल तिला फक्त म्हणायचं, भाडं सांग. उद्या नवीन रीत आली तर नवीन क्लास लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. मी तसं करून पाहिलं. माझा तो लांबलचक जिना गेला आणि तिथे एक ओळ उरली. मी मोठ्याने हसले. हेडफोन कानात असल्यामुळे किती मोठ्याने ते मला कळलं नाही.

बाबा फाइलमधून वर बघत होते. ते म्हणाले, "काहून हासून राहिली एकटीच? मले तरी सांग."

मी सांगितलं. आता वकिलाला क्लास आणि ऑब्जेक्ट कसा सांगायचा, म्हणून म्हटलं, समजा तुम्हाला अमरावतीला जायचंय. एसटीने जाल, पॅसेंजरने जाल, नाही तर गाडीने. मी तुम्हाला फक्त म्हणायचं, बाबा, अमरावतीला जा. कसं जायचं हे मी तुमच्या डोक्यात भरून ठेवायचं नाही. ते त्या-त्या वाहनाने पाहायचं. बाबांनी चष्मा काढला. एखादी गोष्ट आवडली की ते चष्मा काढतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच समजलं होतं. त्यांनी विचारलं, असे आणखी किती आहेत? मी म्हटलं, बरेच आहेत. "मंग रोज एक सांगत जाय," बाबा म्हणाले आणि पुन्हा फाइलमध्ये शिरले.

इथून ते वेड सुरू झालं. मी सकाळी एक पॅटर्न वाचायची, संध्याकाळी शेवटचा पक्षकार गेला की बाबांना सांगायची. सांगायचं असलं म्हणजे आधी स्वतःला नीट कळावं लागतं, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. ऑब्झर्व्हर आला त्या दिवशी आमच्या गल्लीत नेमके नळ आले. अकोल्यात नळ येणं म्हणजे काय ते अकोल्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, चार-पाच दिवसांनी येतात. कोणीतरी एकजण गल्लीच्या तोंडाशी ओरडतो, नळ आले. मग कोणी ड्रम भरतं, कोणी वॉशिंग मशीन लावतं, कोणी मोटरसायकल धुवायला बाहेर काढतं. ओरडणाऱ्याला कोण काय करणार याच्याशी काही देणंघेणं नसतं. मी बाबांना खिडकीशी नेलं आणि म्हटलं, हा बघा ऑब्झर्व्हर. बाबा दोन्ही हात मागे बांधून गल्लीकडे पाहत उभे राहिले. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, की खिडकीत उभं राहून पाणी भरत नसतं.

डेकोरेटर मी अमरावतीच्या गिल्या वड्यावर शिकवला. आधी नुसता वडा. त्यावर दही टाकलं तरी तो वडाच, त्यावर चिंचेची चटणी आली तरी वडाच, तिखट चटणी, वरून मसाला, तरी खाणाऱ्यासाठी तो वडाच. प्रत्येक थर आतल्या थराला न मोडता त्यात आपली भर घालतो. हे शिकवून झाल्यावर गिला वडा खाल्ल्याशिवाय आम्हा दोघांना चैन पडेना, आणि अकोल्यात मिळतो तो मला वडाच वाटत नाही. त्या आठवड्यात सासूबाईंना दोनदा वडे करावे लागले.

सासूबाईंनीच मग पॅटर्नचं मराठी केलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, पॅटर्न म्हणजे काय हो? नमुना, असं बाबा म्हणाले. तेव्हापासून कोणी घरी आलं की त्या सांगायच्या, आत जा, दोन्ही नमुने आतच बसलेत.

बाबा नुसतं ऐकून थांबले नाहीत. त्यांना कोड लिहायचा होता. मी त्यांना जावा ही कोड लिहायची भाषा शिकवायला घेतली. ते एका बोटाने टाइप करायचे, आणि अर्धविराम राहिला की कॉम्प्युटर अडतो याचा त्यांना राग यायच्या ऐवजी आनंद व्हायचा. आमच्या कोर्टात एवढा काटेकोरपणा असता तर निम्मे दावे झालेच नसते, असं ते म्हणायचे. त्यांच्या पहिल्या प्रोग्रॅमने पडद्यावर 'पक्षकार हजर' एवढे दोन शब्द आणले. ते त्यांनी कारकुनाला बोलावून दाखवले, सासूबाईंना बोलावून दाखवले, आणि समोरच्या बाकावर बसलेल्या खऱ्या पक्षकारालाही दाखवले. तो बिचारा उठून उभा राहिला.

मीही काही शहाणी राहिले नव्हते. कंपनीच्या कामात जिथे तिथे पॅटर्न घालायला लागले. तारीख छापायची तर तिला फॅक्टरी, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारा क्लास, आणि ती फॅक्टरी बनवायला आणखी एक फॅक्टरी. सीनियर बाईंनी एक दिवस लिहिलं, की इथे साधा if पुरेसा होता. माझा चेहरा उतरला. बाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, अपील करू. मी अपील केलं नाही. फॅक्टऱ्या पाडल्या आणि साधा if लिहिला. तो छान चालला.

याच सुमारास माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा, लग्नही तिथेच करायचं ठरलं. हॉल पाहायला बाबा आणि मी एका रविवारी एसटीने निघालो. त्या दिवशी विषय होता इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याकडून सगळं वारशाने घेणं. जाणते लोक सांगतात की वारशाच्या फार नादी लागू नये, जे लागतं ते बाहेरून जोडून घ्यावं. बसचा आवाज मोठा, त्यामुळे आम्हीही मोठ्याने बोलत होतो. बापात बदल केला की सगळ्या पोरांचं बिघडतं, असं मी म्हणत होते. पोराला बापाचं नको असलेलंही घ्यावं लागते काय, असं बाबा विचारत होते. मी म्हटलं, घ्यावंच लागतं, नाही म्हणायची सोयच नाही.

पुढच्या सीटवरचे गृहस्थ बराच वेळ कान देऊन ऐकत असावेत. ते वळले. भातकुलीकडचे शेतकरी होते, मांडीवर पिशवी. "तुमी वकीलसाहेब हा काय?" त्यांनी विचारलं. बाबा हो म्हणाले. "मंग मले सांगा, बापाचं नको असलं तं नाही म्हनता येत नाही, हे नवीन निघालं काय? माह्या भावानं तं लेहून देल्लं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना नीट विचारून घेतलं, भावाने काय लिहून दिलं, नोंदणी झाली का, सातबाऱ्यावर काय आहे, आणि मग बडनेऱ्यापर्यंत हक्कसोडपत्र समजावून सांगितलं. उतरताना ते गृहस्थ बाबांना म्हणाले, की सुनेलेही कायद्याचं बरंच समजते. हॉलच्या मॅनेजरसमोर बसेपर्यंत आम्ही दोघं थांबून थांबून हसत होतो. त्यामुळे हॉलबद्दल काय काय विचारायचं होतं ते अर्धं विसरलो, आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खाल्ली.

लग्नासाठी प्रोग्रॅम लिहायची कल्पना बाबांची. अकोल्याहून पाहुण्यांची बस निघणार, ती कुठवर आली हे तिकडे हॉलवर सगळ्यांना कळायला हवं. आचाऱ्याला पुऱ्या तळायच्या असतात, बँडवाल्यांना गेटवर उभं राहायचं असतं, गुरुजींना मुहूर्त सांभाळायचा असतो, आणि स्वागताची जबाबदारी नवऱ्या मुलाच्या काकांकडे होती. म्हणजे बातमी एक आणि तिच्यावर ज्याचं त्याचं वेगळं काम. बाबा म्हणाले, हा तर ऑब्झर्व्हर. माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. नणंदेचं म्हणणं होतं की दादाला बसमधून एक फोन केला तरी भागेल. माझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे सपशेल दुर्लक्ष केलं.

काम संपलं की संध्याकाळी मी लिहायची, बाबा कागदावर चौकोन आणि बाण काढायचे. बसचा एक ऑब्जेक्ट, हॉलचा एक ऑब्जेक्ट. मी बसमधून बटण दाबलं की ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना निरोप जाणार. सगळं छान झालं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीची तयारी करत मी बसले होते आणि बाबा आले. ते म्हणाले, "नोटीस पाठवली हे ठीक आहे. पण ती भेटली हे कशावरून? पोच पाहिजे, बेटा."

मला ते एकदम पटलं. निरोप मिळाला की हॉलने बसला पोच द्यावी, असं मी लिहिलं. बसकडे तिकडून काहीही नवीन आलं की बसने आपली ताजी स्थिती सगळ्यांना कळवायची, हे आधीपासूनच होतं. बसची बाजू तपासली, ती बरोबर. हॉलची तपासली, तीही बरोबर. दोन्ही एकत्र चालवून पाहायच्या राहिल्या, कारण मला मेंदीला बोलावणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली. नणंद, तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा आणि सासूबाई आधीच गाडीने पुढे गेले होते. बसमध्ये आत्या, मामा, गल्लीतले लोक, बाबांचे कोर्टातले मित्र. बस निघाल्याचं बटण दाबलं, निरोप गेला, पोच काही आली नाही. हॉलची बाजू मुलाच्या काकांनी त्यांच्या फोनवरून सुरू करायची होती आणि त्यांची अजून आंघोळ व्हायची होती, हे नंतर कळलं. मूर्तिजापूरला बस चहासाठी थांबली. मी बटण दाबलं, 'बस मूर्तिजापूरला पोचली.' या वेळी पोच आली, 'निरोप मिळाला, हॉल.' बाबांनी ती शेजारी उभ्या असलेल्या दोन वकिलांना दाखवली.

ते दाखवत असतानाच त्यांचा फोन पुन्हा वाजला. बस मूर्तिजापूरला पोचली. मग पोच. मग बस मूर्तिजापूरला पोचली. मग चहाच्या टपरीवर जेवढे पाहुणे उभे होते त्या सगळ्यांच्या खिशात आणि पर्समध्ये वाजायला लागलं, कारण हौसेने मी त्या सगळ्यांचीही नावं नोंदवली होती. एक मामा कप खाली ठेवून मला म्हणाले, "पोचलो ना बाप्पा, किती खेपा सांगसान?"

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. सुरुवातीला तिला बोलताच येईना, मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "वहिनी, बँडवाले गेटवर जाऊन वाजवून राहिले," ती म्हणाली. "गेटवर कोणीच नाही."

झालं असं होतं, की निरोपात पोचली असं आलं की वाजवायला घ्यायचं, एवढंच बँडमास्तरला सांगितलेलं होतं. त्याने मूर्तिजापूर वाचलं नाही, पोचली वाचलं. बँड गेटवर धावला आणि सुरू झाला. काकांनी पळत जाऊन त्यांना थांबवलं, बस अजून लांब आहे म्हणून समजावलं. बँड थांबला, काका परत फिरले, निरोप आला, बँड सुरू झाला. काका पुन्हा पळाले. आचाऱ्याने एकदा घाणा टाकला, मग फोन कणकेच्या डब्यात टाकून दिला. नणंद हे सगळं वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती आणि मेकअपवाली बाई तिला हसू नका, हसू नका म्हणून विनवत होती.

मी टपरीच्या बाकावर लॅपटॉप उघडला. मी घाबरले जास्त होते की हसत जास्त होते, ते मला सांगता आलं नसतं. बाबा माझ्या खांद्यामागे उभे होते. त्यांनी विचारलं, बिघडलं काय? मी म्हटलं, बस निरोप देते, हॉल पोच देतो, ती पोच बसला नवीन बातमी वाटते, म्हणून बस पुन्हा निरोप देते आणि हॉल पुन्हा पोच देतो.

"म्हणजे पोचेची पोच?" बाबा म्हणाले.

"आणि तिची पुन्हा पोच."

बाबा हळूच बाकावर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग चष्मा निघाला, मग त्यांनी रुमाल काढला. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांच्या वकील मित्रांनीही पाहिलं नसावं, कारण ते चहा हातात धरून नुसते बघत राहिले. "पोचेले पोच नसते, बेटा," डोळे पुसत बाबा म्हणाले. "एवढं तं मीच तुले सांगाले पाहिजे होतं."

आलेली गोष्ट नुसती पोच असेल तर गप्प बसायचं, एवढी एक ओळ घातली. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. टपरीवर शांतता झाली. बाबांनी स्वतःचा फोन कानाशी धरून खात्री केली. मग आम्ही बसमध्ये बसलो आणि त्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत कोणी दुसरं काही बोललं नाही. एकजण म्हणायचा, पोचली, आणि सगळी बस हसायची. आत्याबाईंना काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्याच सगळ्यांत जास्त हसत होत्या.

हॉलच्या गेटवर बस थांबली तेव्हा बँड नव्हता. पाहुणे उतरले, फेटे सारखे केले, साड्या सारख्या केल्या आणि सगळे उन्हात उभे राहिले. निरोप वेळेवर गेला होता, पण बँडमास्तर मागच्या अंगणात खुर्चीवर बसलेला होता. फोन त्याने बंद करून टाकला होता. काका त्याला बोलवायला गेले तर तो म्हणाला, आता मी डोयानं बस पाहीन तवाच वाजवीन. काकांनी त्याला हाताला धरून गेटवर आणलं, बस दाखवली, आणि मग त्याने बँड असा वाजवला की आधीच्या सगळ्या खेपांची भरपाई झाली. बाबा त्या बँडसमोर नाचले. ते नाचू शकतात हे सासूबाईंनाही नवीन होतं.

लग्न मुहूर्तावर लागलं. पुऱ्या गरम होत्या. जेवणाच्या वेळी काका आमच्या शेजारी येऊन बसले. सकाळपासून इतके धावले होते की त्यांचा आवाज बसला होता, आणि मला वाटलं आता बोलणी बसणार. मी आधीच माफी मागून टाकली. ते म्हणाले, तसं काही नाही. त्यांचा वरुडला संत्र्यांचा व्यापार. बागेतून ट्रॅक्टर निघतो, शेडमध्ये छाननी होते, पेट्या भरतात, ट्रक लागतो, आणि या सगळ्यात कोणाचा कोणाला पत्ता नसतो. बँडवाल्यांना एवढ्या लांबून एवढं पळवता येते, तर माझे ट्रॅक्टरवालेही पळवता येतील काय, असं त्यांनी विचारलं. थट्टा होती की खरंच विचारत होते, मला समजेना. बाबांना समजलं. त्यांनी हातातला जिलबीचा तुकडा ताटात ठेवला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगून टाकलं. मला विचारलंही नाही.

रविवारी आम्ही वरुडला गेलो. संत्र्यांचा हंगाम ऐन भरात होता. शेडमध्ये पाऊल टाकलं की सालीचा वास नाकात जायचा, बायका ओळीने बसून फळं निवडत होत्या, बाहेर ट्रॅक्टरवाले एकमेकांना मागे सरायला सांगत होते. बाबांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय कळावं लागतं आणि कधी. छाननीच्या बाईंना, पेट्यांवाल्याला, ट्रकच्या ड्रायव्हरला. उलटतपासणी घ्यावी तसं, पण प्रेमाने. मी मागे मागे चालत, संत्री सोलत ऐकत होते. हातात पेन होतं पण रसाने बोटं चिकट झाली होती, त्यामुळे लिहिता येत नव्हतं.

निघताना काकांनी मला विचारलं, की ताई, हे तुमच्याच्यानं होईल ना? मी उत्तर जुळवत होते. पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घेत होते. बाबा गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. तिथून त्यांनी मान बाहेर काढून सांगितलं, "होते ना. आम्ही दोघं करतो."

आणि काकांनी भरून दिलेल्या, मांडीवरच्या पिशवीतलं एक संत्रं काढून त्यांनी माझ्याकडे फेकलं. ते मी झेललं.